बालीतील बातूरची जीप सफर आईला झेपेल का?

प्रश्न (मांजलपूर, वडोदरा): दिवाळीनंतर आम्ही आईला घेऊन बालीला जात आहोत. तिचे गुडघे दुखतात. पावागडही ती रोपवेनेच चढते. बातूर ज्वालामुखीवर वाटाड्यासह जीपने जाण्याची सफर तिला सोसेल का?

उत्तर १ (सयाजीगंज): जीप १,७१७ मीटर उंचीच्या शिखरावर जात नाही, त्यामुळे चढण्याचा प्रश्न येत नाही, सूर्योदय समोरच्या कड्यावरून पाहतात आणि नंतर गाडी १९६३ च्या उद्रेकातील काळ्या लाव्ह्याच्या मैदानात उतरते. खरी परीक्षा कमरेची असते, कारण मागच्या आडव्या बाकावर बसणाऱ्याला प्रत्येक दगड जाणवतो. आईंना चालकाशेजारची जागा मिळेल, हे आरक्षण करतानाच लेखी ठरवून घ्यावे.

उत्तर २ (अलकापुरी): बालीतील उबुद या गावाहून पहाटे तीनच्या सुमारास निघावे लागते आणि उघड्या जीपमध्ये बोचरी थंडी वाजते, वडोदऱ्याच्या हिवाळ्यावरून अंदाज बांधू नये. कानटोपी, शाल आणि वाळूच्या धुळीसाठी मास्क हवाच. नाश्त्यात बहुधा उकडलेले अंडे असते, तेव्हा शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा. आम्ही ठेपले नेले होते, ते चालकानेही आवडीने खाल्ले.

उत्तर ३ (कारेलीबाग): नोव्हेंबरात तिथे पावसाळा सुरू होतो. ढगांमुळे सूर्योदय दिसेलच असे नाही, म्हणून माझ्या मते आईंची झोप मोडण्यापेक्षा उजाडल्यावर निघणारी सफर घ्यावी. बातूरच्या पायथ्याचे सरोवर आणि लाव्हा तेव्हाही पाहता येतात.