किल्लारी: दुःख सगळ्यांचं, पण रोजचं जगणं कुणाचं बदललं?

माळवद: 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. 'अख्खं गाव एकत्र रडलं' हे दर स्मृतिदिनाला ऐकतो. रडलं असेलही. पण चार दिवसांनी पत्र्याच्या शेडमध्ये चूल कुणी पेटवली? टँकरपाशी घागर घेऊन कोण उभं राहिलं? बायको गेलेल्या कितीतरी पुरुषांची लवकरच दुसरी लग्नं लागली, विधवांना कुणी विचारलं तरी का? बाईला रडायला सवडच दिली नाही, असं माझं स्पष्ट मत.

औसा_नाका: अर्धंच सांगताय. भर पावसात ढिगाऱ्यातून प्रेतं कुणी ओढली? एकेका चितेवर कितीतरी जणांना अग्नी कुणी दिला? माझ्या चुलत्यांनी दोन लेकरं स्वतःच्या हातानं ठेवली, पुढं जन्मभर त्यावर चकार शब्द नाही. बायका निदान एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पुरुषाला एकच, 'तूच खचलास तर घरच्यांनी कुणाकडं बघायचं?'

माळवद: चुलत्यांबद्दल वाद नाही. पण मदतीच्या पैशापाठोपाठ दारूही आली. मार कुणी खाल्ला?

औसा_नाका: सगळेच प्यायले का हो? सरसकट बेवडे ठरवू नका.

तेरणाकाठ: मी सून म्हणून भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात आले. रुंद रस्ते, सिमेंटची सुटी सुटी घरं, शेतं लांब. सासूबाई सांगतात, जुन्या गावात माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढलं की चार घरं पलीकडच्या जावेशी बोलता यायचं. इथं पुरुष चहाच्या हॉटेलात जमतात. आम्ही कुठं जमायचं? गळ्यात पडायला ती बाई जवळ तर पाहिजे!

रब्बी_ज्वारी: एक बाजू राहिलीच. पडझड झालेल्या गावांत घरदुरुस्तीच्या वेळी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका 'संवाद सहायक', म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या. डोक्यावर पदर आणि इंजिनिअरला सिमेंटचा हिशेब विचारतायत. भूकंपाआधी यातल्या किती जणी ग्रामसभेला गेल्या असत्या?

माळवद: गेल्या, पण भाकरी थापूनच ना?

रब्बी_ज्वारी: भाकरी थापूनच तर लातूर-पुण्याची नोकरीवालीही निघते. त्याचं खापर भूकंपावर कशाला?

तेरणाकाठ: माझ्या सासूबाईंच्या माहेरची वहिनी संवाद सहायक होती. आत्ताच फोन करून विचारलं. म्हणाली, "घरात बसवत नव्हतं, म्हणून मीटिंगला जायची. सिमेंटचं काय कळतंय तवा! मग कळाय लागलं, तसं मिस्त्री टाळाय लागले."

औसा_नाका: हे मात्र खरं. आमच्याकडचे मिस्त्री अजून टाळतात.