शस्त्रक्रिया, वाका आणि बॅटरी: सारांश करताना लेखकाला काय विचारायचं?

कानामात्रा

संशोधन-अंकासाठी शोधनिबंधांचे मराठी सारांश करायचे आहेत, प्रत्येकी साधारण २५० शब्द. विषय तीन टोकांचे: पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, जपानी अभिजात कविता (वाका) आणि लिथियम बॅटरीचे कॅथोड (धन टोकाचा थर). भाषेची अडचण नाही. काय गाळलं की अर्थच फिरतो, ते मात्र कळत नाही. अशा निबंधांत या धाटणीची वाक्यं हमखास असतात:

१) "३०० रुग्णांत पित्तनलिकेला एकही इजा नाही, म्हणून पद्धत सुरक्षित."
२) "या ओळीत काकेकोतोबा आहे." (मी सरळ 'श्लेष' लिहितो. चालेल?)
३) "१००० सायकलनंतर ९० टक्के क्षमता शिल्लक."

प्रत्येक ठिकाणी लेखकाला नेमकं काय विचारू?

फॉरसेप्स

पहिल्या वाक्यातला 'म्हणून' आधी काढा.

शून्य घटनांसाठी सोपा हिशेब आहे: ३ भागिले रुग्णसंख्या. ३०० रुग्णांत शून्य इजा म्हणजे खरं प्रमाण ९५ टक्के खात्रीने १ टक्क्याच्या आत, एवढंच. आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेच्या इजेचं प्रमाण सहसा ०.३ ते ०.५ टक्के सांगतात, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ०.१ ते ०.२. म्हणजे निबंधाची वरची मर्यादा नेहमीच्या प्रमाणाच्या दुप्पट-तिप्पट निघाली. दुसऱ्या बाजूने बघा. प्रमाण ०.४ टक्के धरलं, तर काहीही नवीन न करता ३०० रुग्णांत शून्य इजा येण्याची शक्यता ३० टक्के आहे. ०.४ वरून ०.२ वर आलो हे दाखवायला प्रत्येक गटात साधारण ११,७०० रुग्ण लागतात (८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता; ५ टक्के सिग्निफिकन्स, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची). त्यामुळे एका रुग्णालयाच्या निबंधाने हा दावा करूच नये.

मग असे निबंध मोजतात काय, तर 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' मिळाला की नाही. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये हे नाव रूढ केलं. अटी तीन, आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: यकृत आणि सिस्टिक डक्ट (पित्ताशयाला मुख्य पित्तनलिकेशी जोडणारी नळी) यांच्यामधला त्रिकोण चरबी व तंतूंपासून पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोन रचना दिसणं, सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक धमनी. त्याआधी क्लिप नाही, कात्री नाही. सारांशात "त्रिकोण साफ केला" एवढंच राहिलं तर दोन अटी गेल्या.

चूक होते ती बहुतेक हात चुकल्याने नाही, डोळा फसल्याने. पित्ताशयाचा तळ वर खेचलेला असतोच. मानही वरच्याच दिशेने ओढली की सिस्टिक डक्ट आणि मुख्य पित्तनलिका एका रेषेत येतात आणि मुख्य नलिकाच सिस्टिक डक्ट वाटते. मान बाहेर व किंचित खाली ओढली की दोघींमधला कोन उघडतो.

लेखकाला विचारा: व्ह्यू मिळाला हे कुणी ठरवलं? शस्त्रक्रियेच्या नोंदीत सर्जननेच लिहिलं, की पुढून आणि मागून असे दोन्ही फोटो तिऱ्हाइताने तपासले? दोन्हींचं वजन सारखं नाही. रुग्ण कोणते, हेही विचारा. सगळे ठरवून केलेले, की तीव्र दाहाचेही? दाहाची श्रेणी टोकियो २०१८ च्या निकषांनी १ ते ३ अशी देतात. आणि दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं, तर ती 'गुंतागुंत' म्हणून लिहू नका. तो निर्णय असतो, आणि अनेकदा शहाणपणाचा.

शिगुरे

दुसऱ्याचं उत्तर: 'श्लेष' अगदीच चूक नाही, पण त्याने यंत्रणा झाकली जाते. एक वाका जवळून बघू. ओनो नो कोमाची, नववं शतक. 'कोकिनशू' या जुन्या वाकासंग्रहात क्रमांक ११३:

हाना नो इरो वा / उत्सुरिनिकेरि ना / इताझुरा नि / वागा मि यो नि फुरु / नागामे सेशि मा नि

कामचलाऊ मराठी: फुलांचा रंग ओसरूनच गेला की, उगाचच, मी या जगात दिवस काढत, लांबलेल्या पावसाकडे टक लावून बसले होते तेवढ्यात.

'फुरु' आणि 'नागामे' बघा. मागच्या 'वागा मि यो नि'ला जोडून 'फुरु' म्हणजे काळ कंठणं. पुढच्या 'नागामे'ला जोडून तोच 'फुरु' म्हणजे पाऊस पडणं. 'नागामे' म्हणजे टक लावून बघणं आणि लांबलेला पाऊसही. आपल्या श्लेषात अख्खं वाक्य दोनदा लागतं. इथे गाडी एका रुळावरून येते आणि त्या शब्दाच्या सांध्यावर रूळ बदलून पुढे जाते. म्हणून 'काकेकोतोबा' शब्द ठेवा, पुढे अर्ध्या ओळीत 'मागच्या शब्दांशी एक आणि पुढच्यांशी दुसरा अर्थ देणारा दुपदरी शब्द' असं लिहा.

मोजणीत बहुतेक सारांश घसरतात. "वाका ३१ अक्षरांची" असं लिहितात, पण मोजतात ती मोरा, आपल्या मात्रेची चुलत बहीण. शब्दातला सुटा 'न्' एक मोरा, दीर्घ स्वराच्या दोन. वरची पहिलीच ओळ मोजा: हा-ना-नो-इ-रो-वा, पाचाऐवजी सहा. एकूण ३२. ही चूक नव्हे. याला जिआमारी म्हणतात, आणि अशा जास्तीच्या ओळीत सहसा मधे एखादा सुटा स्वर असतो (इथे 'इ'), हे जपानी पंडित मोतोओरी नोरिनागांनी अठराव्या शतकातच दाखवलं. तेव्हा "५-७-५-७-७ चा नियम मोडला" असं ठोकून देऊ नका.

लेखकाला दोन गोष्टी विचारा. पाठ कोणता? 'कोकिनशू'ची रचना ९०५ च्या सुमाराची, पण आजच्या बहुतेक आवृत्त्या कवी फुजिवारा नो तेइका यांनी केलेल्या प्रतींवर उभ्या आहेत. १२२३ ची प्रत त्यांत मुख्य. आणि शब्द मोजले असतील तर काना लिपीत (उच्चार दाखवणारी) शोधले की कांजीत (अर्थ दाखवणारी चिन्हं)? आधुनिक संपादकाने 'नागामे' कांजीत छापला की तो 'पाऊस' किंवा 'बघणं' यांपैकी एकच उरतो, मग संगणकाला दुसरा सापडत नाही. काकेकोतोबांच्या मोजणीत हे घातक.

आणखी एक. "कोमाची आपल्या ओसरत्या सौंदर्यावर रडते" हे वस्तुस्थिती म्हणून लिहू नका. संपादकांनी ही कविता वसंताच्या दुसऱ्या खंडात ठेवली आहे, प्रेमकवितांत नाही. रूपाचा अर्थ निघतो, पण तो लावलेला अर्थ आहे.

काळी_स्लरी

तिसऱ्या वाक्यात 'सायकल' लिहू नका, वाचक हँडल शोधतो. 'चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं' लिहा.

९० टक्के कशाचे? पहिल्या आवर्तनाचे, की सुरुवातीची संथ आवर्तनं सोडून? आणि किती वेगाने? लिथियम आयर्न फॉस्फेटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला १७० मिलिअँपिअर-तास. एका तासात रिकामी करणं आणि दहा तासांत करणं यांत पुष्कळ फरक पडतो.

पण खरी मेख आहे थराच्या जाडीत. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम पदार्थ, ते विचारा. २ मिलिग्रॅम असेल तर ग्रॅमला प्रत्यक्ष १६० मिळतात असं धरून ०.३२ मिलिअँपिअर-तास होतात. बाजारातल्या सेलमध्ये साधारण ३ ते ४ असतात. पातळ थरात आयनांना अंतरच नसतं, त्यामुळे वेग आणि टिकाऊपणा दोन्ही छान दिसतात.

वजनातही गफलत होते, कारण पदार्थ फॉइलसकट तोलून फॉइलचं वजन वजा करतात. १५ मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉइल चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅम भरते. म्हणजे १२ मिलिमीटरच्या चकतीत फॉइल ४.६ आणि पदार्थ जेमतेम २.३. फॉइलच्या वजनात ०.१ चा फरक आला, की क्षमतेत ४ टक्क्यांहून जास्त चूक.

कॅथोडच्या समोर, दुसऱ्या टोकाला काय लावलं होतं, हे तर विचाराच. लिथियम धातूचा २५० मायक्रॉनचा पत्रा असेल तर त्यात चौरस सेंटिमीटरला ५० हून अधिक मिलिअँपिअर-तास पडून असतात, कॅथोडच्या दीडशेपट. दर आवर्तनात वाया जाणारं लिथियम तो साठा मुकाट्याने भरून काढतो. समोर ग्रॅफाइट असेल तर साठा नाही; तिथे १००० आवर्तनांनंतर ९० टक्के उरायला दर आवर्तनाची सरासरी कार्यक्षमता (भरलेल्या विद्युतभारापैकी परत मिळालेला) ९९.९९ टक्के लागते. ९९.९ असेल तर ३७ टक्केच उरतात.

कृतीच्या भागात सुकवण्याची ओळ गाळू नका: साधारण १२० अंश, निर्वात, रात्रभर. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट पाण्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक ॲसिड करतं आणि ते कॅथोड खातं. निकेल जास्त असलेल्या कॅथोडमध्ये आणखी एक लफडं आहे. पृष्ठभागावर उरलेला अल्कली बाइंडरवर (कण धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थावर) हल्ला करतो आणि स्लरीचा, म्हणजे थर देण्याच्या पातळ लगद्याचा, खरवस होतो. असा थर एकसारखा बसत नाही.

शेवटी, किती सेल बनवले आणि किती मोजले? दहा बनवून सर्वांत देखण्याचा आलेख छापणं फार चालतं. फॉरसेप्स यांचा 'एकूण कितींपैकी' हा मुद्दा इथेही लागू.

कानामात्रा

सर्वांचे आभार. पहिलं वाक्य असं केलंय: "३०० रुग्णांत पित्तनलिकेची इजा आढळली नाही, मात्र एवढ्या संख्येवरून खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं." बरोबर?

फॉरसेप्स

'आढळली नाही'च्या आधी "शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत" घाला, किंवा निबंधात जो काळ असेल तो. पित्त गळलं तर आठवड्याभरात कळतं, नलिका आकसली तर महिन्यांनी, कधी वर्षांनी. काळ दिलाच नसेल तर निबंध लेखकाकडे परत पाठवा.