सॅन स्टॉर्ममध्ये एस्टीमचं इंजिन घरीच बसवायचंय, बडोद्यात कोणी केलंय का असं काही?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. सॅन स्टॉर्म आठवतेय का कोणाला, ती दोन सीटची, उघड्या छपराची, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार? मामांची होती, आता माझ्याकडे आलीये, दांडिया बाजारात घराखालच्या पार्किंगमध्ये उभी आहे. आत रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन आहे, साधारण 60 बीएचपी. उन्हाळ्यात हायवेला तापली, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) उडाली, गॅरेजवाल्याने वरवर बघून सांगितलं की हेड वाकलंय, सामान इथे मिळणार नाही, नाद सोड. मला सोडायची नाहीये. लहानपणी मामा त्यात बसवून सुरसागरला चक्कर मारून आणायचे, तेव्हापासून जीव आहे त्या गाडीत.

तर विचार असा आहे की मारुतीचं इंजिन टाकावं, म्हणजे सामान कोपऱ्यावर मिळेल. दोन ऑप्शन समोर आहेत. एक एस्टीम एमपीएफआय, 1298 सीसी, 85 बीएचपी, पण ती 2024 च्या ऑगस्टच्या पुरात बुडालेली आहे म्हणून फार स्वस्तात मिळतेय. दुसरी मागून ठोकलेली स्विफ्ट, के-12 इंजिन 1197 सीसी, तीही 85 च्या आसपास, पण भाव तिप्पट. काम मी आणि माझा मित्र घरीच करणार, वेल्डिंग आणि लेथचं तेवढं बाहेरून. कुठलं घेऊ आणि सगळ्यात जास्त कुठे अडकेन ते सांगा प्लीज.

मकरपुरा_लेथ

भाऊ आधी एक सांगतो, इंजिन बसवणं हे यातलं सोपं काम आहे. प्लेट कापली, ब्रॅकेट केलं, रबर माउंटिंग मारुतीचंच ठेवलं की इंजिन बसतं. अडकतं ते अ‍ॅक्सलला.

तुझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनबरोबर गिअरबॉक्सही मारुतीचाच घ्यावा लागेल, रेनॉच्या गिअरबॉक्सला मारुतीचं इंजिन जोडायच्या भानगडीत पडूच नको, बेलहाउसिंगची (इंजिनला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाची) भोकं जुळत नाहीत, मग अ‍ॅडॅप्टर प्लेट करा, इनपुट शाफ्टची लांबी बघा, क्लच प्लेटचे दाते बघा, संपतच नाही. गिअरबॉक्स मारुतीचा झाला की आतल्या बाजूचा जॉइंट मारुतीचा आणि चाकाच्या बाजूचा रेनॉचा, आणि मधला दांडा कोणाचाच नाही. इथे बरेच जण काय करतात, दोन अ‍ॅक्सल मधोमध कापतात, वर पाइप चढवतात आणि वेल्ड मारतात. हे करू नकोस. अ‍ॅक्सल हार्ड केलेला असतो, वेल्डच्या शेजारी तो ठिसूळ होतो, आणि तुटला तर तो कधी तुटेल हे तू ठरवत नाहीस. नवीन दांडा ईएन-24 पोलादात लेथवर टर्न करून दोन्ही टोकांना ज्याचे त्याचे दाते काढायचे, मग हीट ट्रीटमेंट. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) असे दाते, म्हणजे स्प्लाइन, काढून देणारे आहेत, दोन्ही जुने अ‍ॅक्सल नमुना म्हणून घेऊन जा, मोबाइलमधले फोटो दाखवून काम होत नाही.

आणि इंजिनची जागा बॉनेटकडे बघून ठरवू नको. सगळे तीच चूक करतात, इंजिन ठेवतात, बॉनेट लागलं की खूष. आधी गिअरबॉक्स ठेव, त्याची अ‍ॅक्सल निघायची जागा चाकाच्या हबच्या समोर आण, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, जॅकवर नाही. अ‍ॅक्सलचा कोन जास्त झाला तर जॉइंट लवकर जातो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट वाजतो. कोन नीट आला की मग इंजिन त्याच्या मागे जाईल तिथे जाईल, ऑइल चेंबर क्रॉस मेंबरला लागतोय का, सायलेन्सरचा पाइप कुठून काढायचा, रेडिएटरला जागा उरते का ते नंतर. ट्रायलसाठी भंगारातून रिकामा ब्लॉक आणि रिकामा गिअरबॉक्स आण, हलका असतो, दहा वेळा वर-खाली करता येतो. ब्रॅकेटला गाडीवर फक्त वेल्डिंगचे टाके मारायचे, पक्कं वेल्डिंग बाहेर काढून.

पक्कं वेल्डिंग बाहेर म्हणतोय ते तुझ्यासाठी खास. बॉडी फायबरची आहे, पेटली तर सहज विझत नाही. टाके मारतानाही पेट्रोलची टाकी काढलेली पाहिजे आणि बाजूला फायर एक्स्टिंग्विशर.

वाघोडिया_रोड

मी ऑटो इलेक्ट्रिकलचंच काम करते, त्यामुळे वायरिंगचं सांगते, बाकी वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय.

पुरातली एस्टीम फुकट दिली तरी तिचं वायरिंग घेऊ नका. त्या पुरानंतर विश्वामित्रीच्या काठच्या कितीतरी गाड्या आमच्याकडे आल्या, वरून स्वच्छ, धुतलेल्या, चालूसुद्धा होतात. पण कनेक्टरपासून वीतभर वर वायरचं प्लास्टिक सोलून बघा. आतली तांब्याची तार लाल-चकचकीत असायला पाहिजे, ती काळी किंवा हिरवी पडलेली दिसते. पाणी वायरच्या आतून केशिकेसारखं वर चढतं. अशी वायर आज करंट देते, पावसाळ्यात देत नाही, मग तुम्ही सेन्सर बदलत बसता, प्लग बदलता, कॉइल बदलता, आणि दोष वायरचा असतो. एस्टीमचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, डॅशबोर्डच्या खाली असतो, पाणी तिथपर्यंत गेलं होतं का ते सीटच्या रुळांवरच्या आणि डॅशच्या मागच्या चिखलावरून कळतं.

इंजिन मात्र चांगलं असू शकतं. फक्त चावी मारून बघू नका! आधी चारही प्लग काढा, क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवा, पूर्ण दोन फेरे अडथळ्याशिवाय फिरलं पाहिजे. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, पाणी दबत नाही. मग डिपस्टिक, तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर चेंबर उघडल्याशिवाय पैसे देऊ नका, तळाशी नदीचा बारीक गाळ असतो आणि तो बेअरिंग खातो.

स्विफ्ट घेतली तर ईसीएम, इमोबिलायझरचं (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारं) युनिट, इग्निशनभोवतीची रिंग आणि चावी हे सगळं त्याच एका गाडीचं घ्या. भंगारवाला चावी नाही म्हणाला तर सौदा करू नका.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते, फायबरची गाडी आहे तर अर्थिंगचं वेगळं बघावं लागतं. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच निगेटिव्ह असते, कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळाला. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक लाइट, फॅन, पंप, ईसीएम, सगळ्याची निगेटिव्ह वायर खालच्या लोखंडी फ्रेमपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते. इंजिन रबर माउंटिंगवर असतं म्हणून इंजिन ते फ्रेम अशी जाड पट्टी वेगळी. ती विसरली की सेल्फचा करंट क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून रस्ता शोधतो आणि केबल जळते, बघितलंय मी.

दांडियाबाजारकर

बापरे, अर्थिंगचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू ताई. म्हणजे एस्टीमचं इंजिन पुरातल्या गाडीचं आणि वायरिंग दुसऱ्या कोरड्या एस्टीमचं असं करता येईल ना? एस्टीम 2007 पर्यंत येत होती म्हणजे भंगारात सापडायला पाहिजे. आणि इंजिन काढायला पार्किंगच्या स्लॅबला झोपाळ्याचा हूक आहे, त्याला चेन कप्पी लावली तर चालेल?

मकरपुरा_लेथ

नाही चालणार. झोपाळ्याचा हूक माणसांसाठी टाकलेला असतो, गिअरबॉक्ससकट इंजिन शंभर किलोच्या वर जातं आणि ते सरळ लटकत नाही, झटके देतं. फोल्डिंग क्रेन भाड्याने मिळते. गाडीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय शिरायचं नाही, नुसत्या जॅकवर तर अजिबातच नाही.

इंदूरहून

मी इंदूरचा, आमच्याकडे झेनमध्ये एस्टीमचं इंजिन टाकलेल्या गाड्या बघितल्यात, एकाच कंपनीचं घराणं असल्याने बरंच काही जुळतं. रेनॉ-मारुती हा वेगळाच प्रकार आहे, त्यामुळे झेनवाल्यांचे व्हिडिओ बघून हिशोब करू नको. अजून एक, 60 वरून 85 म्हणजे ताकद चाळीस टक्क्यांनी वाढली. ब्रेक आहेत तेच राहणार का? माझ्या मते आधी ब्रेक, मग इंजिन. इतकी वर्षं उभी असलेली गाडी, होज पाइप आणि व्हील सिलिंडर तर गेलेलेच असतील.

कागदपत्रं_आधी

सगळे पान्यांवर बोलताय, आरसीवर कोणीच नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 बघा, आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. सीएनजी किट किंवा इलेक्ट्रिक किट मंजूर असेल तर त्याला वाट आहे, त्याच मेकचं त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर आरटीओत अर्ज करून नंबर चढवून घेता येतो. पण रेनॉच्या जागी सुझुकी, 1149 च्या जागी 1298, हे त्यात बसत नाही. कलम 182-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडाचं सोडा, इन्शुरन्सचं बघा. उद्या सयाजीगंजात कोणाला धक्का लागला आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडला तर कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या गळ्यात. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या वरची आहे, म्हणजे रजिस्ट्रेशन रिन्यू करायला दरजीपुऱ्याला आरटीओत गाडी दाखवावीच लागेल आणि तिथे इंजिन नंबर बघतातच. नुसती ट्रॅकवर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी, पण ट्रॅक कुठे आहेत, कोइंबतूर, चेन्नई, नोएडाकडे. बडोद्याहून ट्रेलरवर टाकून नेणार आहात का दर वेळी?

एखादा एजंट म्हणेल सगळं करून देतो, त्याच्या नादी लागू नका.

कलाभवनचा_जुना

बाळ, मी कलाभवनात शिकलो, आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं. तुझा प्रश्न वाचून मला एकच विचारावंसं वाटतं, हेड वाकलंय हे मोजलं कोणी? गॅरेजवाल्याने वरवर बघितलं असं तूच लिहिलंयस. वाकलेलं हेड डोळ्याला दिसत नाही.

हेड काढ, गॅस्केटचा चिकटलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने काढ, पॉलिश पेपर मारू नकोस. मग सरळ धारेची स्टीलपट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेव आणि खालून फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पत्ती घाल. 0.05 मिलिमीटरची पत्ती कुठेच शिरली नाही तर हेड सरळ आहे. शिरली तर फेसिंग, म्हणजे मशीनवर पातळ थर काढून पृष्ठभाग सपाट करायचा, पण किती थर काढता येतो ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघून, कारण जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि टायमिंग बेल्टचं अंतर बदलतं. मग हेड प्रेशर टेस्टला दे, गरम पाण्यात बुडवून हवा भरतात, तडा असेल तर बुडबुडे येतात. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तसाच मोज. बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे असले तर स्लीव्ह टाकता येते, आपल्या गावात हे काम पिढ्यानपिढ्या चालतं.

सामान मिळत नाही म्हणतात तेही अर्धंच खरं. हे रेनॉचं डी-7-एफ इंजिन, युरोपात क्लिओ, ट्विंगो, कांगूमध्ये भरपूर गेलं. हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील हे सगळं बाहेरून मागवता येतं, कस्टम आणि कुरिअर धरूनही तुझ्या नुसत्या अ‍ॅक्सलच्या खर्चात बसेल असं मला वाटतं. आणि जे कागदवाल्याने लिहिलंय तो प्रश्नच उरत नाही, नंबर तोच राहतो. अशा गाड्या आपल्याकडे फार थोड्या बनल्या रे, त्यातली एक मूळ इंजिनवर चालत राहिली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण गाडी तापली का हे आधी शोध. रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय की पंखा लागत नाही? ते कारण तसंच राहिलं तर मे महिन्यात मारुतीचं इंजिनही तसंच तापेल.

दांडियाबाजारकर

काका, खरंच कोणी मोजलं नाहीये, आणि पंखा लागत होता का तेही मी बघितलेलं नाही. एस्टीमवाल्याला टोकन द्यायचं थांबवतो. या रविवारी हेड काढतो. फायबर बॉडी म्हणजे पंख्याचा अर्थही तपासायला पाहिजे ना ताई?

वाघोडिया_रोड

हो, तोच आधी. पंख्याला बॅटरीवरून डायरेक्ट दोन वायर द्या, जोरात फिरला तर पंखा चांगला आणि दोष रिले, टेंपरेचर स्विच नाहीतर अर्थमध्ये. मग निगेटिव्ह गाडीचीच ठेवून फक्त पॉझिटिव्ह डायरेक्ट द्या, आता हळू फिरला किंवा फिरलाच नाही तर अर्थ गेलाय. फ्रेमवर जिथे ती वायर बोल्टने लावलीये तिथला गंज आणि रंग घासून, लोखंड चमकेपर्यंत साफ करून परत कसा. हेड काढायच्या आधी करा हे, बॅटरी लावलेली असतानाच.

कलाभवनचा_जुना

आणि हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत काढ. एकदम एक बोल्ट सोडलास तर सरळ असलेलं हेडही वाकेल. बोल्ट परत वापरू नकोस, गॅस्केटबरोबर नवीन मागव. रीडिंग आली की सगळी इथे टाक, कर्णांची पण.