मदत हवी आहे: वापरलेल्या अणुइंधनाची 10 वर्षांनंतरची उष्णता

नमस्कार. नाशिकला एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी एका पीएचडब्ल्यूआर (जड पाण्यावर चालणारी अणुभट्टी) इंधन-बंडलची डिके हीट (भट्टीबाहेर काढल्यावरही किरणोत्सारी क्षयातून निघत राहणारी उष्णता) काढतेय. 19 कांड्या, नैसर्गिक युरेनियम. बंडलची सरासरी शक्ती 200 किलोवॅट आणि भट्टीतला काळ 450 दिवस धरलाय. वे-विग्नर सूत्राने भट्टीबाहेर काढल्यावर एका दिवसाने साधारण 960 वॅट येतात. हे पटतं. 10 वर्षांनी 6 वॅट येतात, तिथे मात्र भरवसा वाटत नाही. तोवर बहुतेक उष्णता सीझियम-137, स्ट्रॉन्शियम-90 आणि त्यांच्यापासून होणाऱ्या बेरियम-137एम, इट्रियम-90 यांची असते, म्हणजे घट 30 वर्षांच्या आसपासच्या अर्धायुष्याने व्हायला हवी.

या चौघांची बेरीज वेगळी मांडली आहे. अडलंय ते प्लुटोनियम-238 आणि अमेरिशियम-241पाशी. ओरिजेन (हे गणित करणारा संगणक प्रोग्रॅम) मिळणार नाही, फक्त एक्सेल आहे. इतक्या कमी बर्नअपला (इंधनातून काढलेल्या ऊर्जेला) उष्णतेतला त्यांचा वाटा हाताने कसा काढायचा, की 10 वर्षांपर्यंत सोडला तरी चालेल?