भूत जोलोकिया, नागा मोरिच, राजा मिरचा: एकच की वेगळ्या?

प्रश्न: या तिन्ही नावांच्या तिखटजाळ मिरच्यांचं बी मिळतंय. तिन्ही लावावीत की एकच पुरे?

प्रतिसाद १: एकाच कुळातल्या. आसामात भूत जोलोकिया, नागालँडमध्ये राजा मिरचा, बांगलादेशात सिल्हेटकडे नागा मोरिच. फळाचा आकार, सालीचा खडबडीतपणा मात्र बदलतो. 'कॅप्सिकम चायनेन्स' या त्यांच्या शास्त्रीय नावातल्या चीनला भुलू नका. १७७६ मध्ये जॅक्विन या वनस्पतीशास्त्रज्ञाने चुकून दिलेलं नाव आहे ते, या जातीचं मूळ अ‍ॅमेझॉनकडचं.

प्रतिसाद २: नावांचा असाच घोळ त्रिनिदादच्या मिरचीचाही: 'सेव्हन पॉट' आणि 'सेव्हन पॉड' एकच.

प्रतिसाद ३: खरा घोळ परागीभवनात! शेजारच्या मिरचीशी संकर झाला तरी यंदाचं फळ नेहमीसारखंच दिसतं, फरक पुढच्या पिढीत कळतो. म्हणून कळी उमलण्याआधी जाळीची पिशवी बांधा, रोज फांदीला टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधा; बी फक्त त्याच फळाचं ठेवा.