मतदान केंद्रात उमेदवारांचे एजंट हवेत की तटस्थ निरीक्षक?

बांधावरचा
स्थानिक निवडणुकांत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना, म्हणजे पोलिंग एजंटांना, केंद्राच्या आत बसूच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या जागी राज्य निवडणूक आयोगाने प्रशिक्षण दिलेला तटस्थ निरीक्षक बसवावा. लोकसभेला समोर कोण बसलंय हे मतदाराच्या गावीही नसतं. ग्रामपंचायतीला मात्र तो चुलतभाऊ असतो, सोसायटीचा संचालक असतो, नाहीतर ज्याच्या शब्दावर ऊसतोडीची टोळी आपल्या फडात येते तो असतो. तो मतदारयादीवर टिका मारत बसतो आणि दुपारी त्याच यादीवरून चिठ्ठी बाहेर जाते की अमक्या वस्तीवरचे इतके राहिलेत, गाडी पाठवा. मत कोणाला दिलं ते गुप्त राहत असेल, पण दिलं की नाही हे सगळ्या गावाला कळतं. ज्याला घरी बसूनच नाराजी दाखवायची आहे त्याने काय करायचं?

पेठेतला तिरकस
आणि हा तटस्थ माणूस आणणार कुठून? आयोगाचे निरीक्षक असतातच, पण ते अधिकारी. सकाळपासून केंद्रामागून केंद्र पालथं घालतात, एका खोलीत दिवसभर बसत नाहीत. संवेदनशील केंद्रांवर केंद्रीय आयोग सूक्ष्म निरीक्षक नेमतो, ते बहुधा बँकेतले किंवा केंद्र सरकारी नोकरीतले. प्रामाणिक माणसं असतात, पण मयताच्या नावावर कोण उभं आहे हे त्यांना कसं ओळखू येणार? ते ओळखतो विरोधकाचा एजंट, कारण त्यात त्याचा स्वार्थ आहे. ही व्यवस्था उभीच एकमेकांवरच्या संशयावर आहे. तो काढलात तर उरतील फक्त सरकारी सह्या.

निवृत्त मास्तर
शिक्षक असल्याने केंद्राध्यक्षाची ड्युटी बऱ्याचदा वाट्याला आली, म्हणून लिहितो. बांधावरचा ज्या चिठ्ठीबद्दल बोलतो ती आधीच बंद आहे. कोणी मत दिलं, कोण राहिलं याची चिठ्ठी एजंटाने बाहेर पाठवायची नाही आणि खुणा केलेली यादीही बाहेर न्यायची नाही, अशा केंद्रीय आयोगाच्या सूचना आहेत. प्रत्यक्षात काय होतं? पाय मोकळे करून येतो म्हणून गडी उठतो आणि तंबाखूच्या पुडीच्या कागदावर अनुक्रमांक खरडलेले असतात. मी एकच शिस्त ठेवली होती, यादी टेबलावर पालथी ठेवायची आणि मग उठायचं. कुरकुर व्हायची, पण ऐकायचे.
बसण्याची जागाही ठरलेली असते. आत येणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, पण मत देताना त्याचा हात दिसता कामा नये. लोकसभा-विधानसभेला मतदानाची गुप्तता फोडणाऱ्याला, मग तो एजंट असो की कर्मचारी, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नियम पुरेसे आहेत हो, ते वापरणारा केंद्राध्यक्ष पाहिजे.

बांधावरचा
मास्तर, तुमच्यासारखे सगळे नसतात. बाहेरगावचा शिक्षक संध्याकाळी पेटी सुखरूप पोचवायच्या काळजीत असतो. तो सरपंचाच्या पुतण्याला 'यादी ठेव' म्हणेल का?

सातव्या खुर्चीवरची
मी नगरपरिषदेला अपक्ष उमेदवाराची एजंट म्हणून बसले आहे. खुर्च्यांचाही क्रम असतो बरं का, आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसते नोंदणीकृत आणि शेवटी आम्ही अपक्ष. दाराजवळची, उन्हाची खुर्ची कायम आमची. तरीही एजंट काढायला माझा विरोध आहे. स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं याची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र, नसतं. मग अपक्षाच्या हातात उरतं काय? सकाळचा मॉक पोल, सीलचे नंबर आणि शेवटी मतांचा हिशेब. साडेसातला मतदान असेल तर त्याच्या बऱ्याच आधी हजर राहायचं, प्रत्येक उमेदवाराच्या बटणावर मत टाकून बघायचं, निकाल जुळवायचा, मग ते सगळं पुसून यंत्र शून्यावर आलंय हे डोळ्यांनी पाहायचं. प्रभागात चार जागा असतील तर अ, ब, क, ड हे चारही तपासायचे. बहुतेक एजंट यावेळी बाहेर चहा पीत असतात आणि आत येऊन सही ठोकतात. बोलायचं तर त्यावर बोला.

चष्मिष
दुबार मतदारांचा विषय राहिला. २०२५ च्या याद्यांत राज्य आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि अशा मतदाराकडून 'दुसरीकडे मत देणार नाही' असं हमीपत्र घ्यायची सोय केली. ते होतंय का हे कोण बघणार? एजंटच. फक्त काही जणांना वाटतं की एजंट म्हणजे दारावरचा पोलीस. एजंटाने मतदाराला हात लावायचा नाही, कागद मागायचे नाहीत, दमात घ्यायचं नाही. ओळखीबद्दल शंका असेल तर आक्षेप केंद्राध्यक्षाकडे. लोकसभा-विधानसभेच्या नियमांत त्यासाठी दोन रुपये अनामत आहे. आक्षेप खोडसाळ निघाला तर ते जप्त. दोन रुपयांत कोणाला चाप बसणार, हा प्रश्न वेगळा!

बांधावरचा
बरं, एजंट बसू देत. पण मतदारांची पूर्ण यादी त्यांच्या हातात नको. मयत, स्थलांतरित आणि दुबार एवढ्याच नावांची यादी द्या. तोतया पकडायला तेवढी पुरते. टिका मारायला काही उरत नाही.

पेठेतला तिरकस
हा मुद्दा जरा वजनदार आहे. पण चारपाचशे मतांच्या वॉर्डात त्याला यादी लागतेच कुठे? चेहरे पाठ असतात. शिवाय जिवंत, गावातच राहणाऱ्या माणसाच्या नावावर दुसराच मत देऊन गेला तर? खरा माणूस नंतर आला की त्याचं प्रदत्त मत, म्हणजे कागदी मतपत्रिकेवरचं वेगळं मत, घेतात, पण तोवर पहिलं मत यंत्रात गेलेलं असतं.

निवृत्त मास्तर
छोट्या यादीला माझा पाठिंबा. आणखी एक बघा. अंध किंवा अपंग मतदाराबरोबर सोबती येतो. केंद्रीय नियमांप्रमाणे एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. काही गावांत एकच पुढारी तीन म्हाताऱ्यांचा 'नातू' होऊन येतो. हे एजंटालाच कळतं, पण दोन्ही गटांचे नातू असले की दोघेही गप्प बसतात. तिथे मात्र तटस्थ माणूस हवा होता असं वाटतं.

बांधावरचा
हेच तर म्हणतोय मी. दोन्ही बाजू मिळून खातात तेव्हा तुमचा तो परस्पर संशय कुठे जातो?

पेठेतला तिरकस
तिसऱ्या उमेदवाराच्या एजंटाकडे. तो नसेल तर मात्र तुमचं खरं.

सातव्या खुर्चीवरची
तिसऱ्याला माणूस मिळत नाही, तिथेच सगळं अडतं. दहा-अकरा तास बसायचं, शेतातला किंवा दुकानातला दिवस बुडवायचा. नियमाने एका केंद्रावर एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आमच्याकडे एकच मिळताना मारामार. शेवटचा मतदार झाला की क्लोज बटण दाबतात, एकूण आकडा येतो, तो फॉर्मवर चढतो. लोकसभा-विधानसभेला तो फॉर्म १७सी, आणि त्याची प्रत एजंटाला मिळते. मोजणीच्या टेबलावर बसणारा बहुतेक वेळा दुसराच असतो, त्याच्या हातात ती प्रत नसेल तर तो आकडा कशाशी ताडणार? आणि नेमके संध्याकाळी पाचनंतर निम्मे एजंट गायब असतात. तटस्थ निरीक्षक द्यायचाच असेल तर त्या शेवटच्या तासाला द्या, आणि ती प्रत त्याच्याकडून अपक्षांनाही पोचेल अशी सोय करा.

बांधावरचा
शेवटच्या तासाचं मान्य. यादीचं मात्र मी सोडत नाही.