मदत हवी आहे: १९७१ च्या लढाईत गेलेल्या आजोबांची नेमकी तारीख कशी शोधावी?

जय भीम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून लिहितो आहे. वडिलांचे धाकटे काका महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर कामी आले. वय एकवीस-बावीस, लग्न व्हायचं होतं. ते कोणत्या तारखेला गेले, एवढंच हवं आहे.

तारीख कशाला, तर पणजोबा ५६ साली नागपूरला दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून घरात तिथी-श्राद्ध नाही. आठवण करायची ती तारखेने, वंदना घेऊन. तारीखच नाही म्हटल्यावर त्यांच्या बहिणीने, म्हणजे वडिलांच्या आत्याने, स्वतःच ठरवून टाकलं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागते, तिच्या बाजूला दुसरी भावाची. लढाई ३ ला पेटली, १७ ला थांबली, म्हणजे तिचा अंदाज अगदीच वावगा नाही. पण आता विहारात नावाची पाटी लावायची आहे. पाटीवर अंदाज कसा लिहायचा?

तार आली तेव्हा सगळे वावरात कापूस वेचत होते. इंग्रजी तार, शाळेच्या मास्तरांनी वाचली. ती पुढे कुठल्या कागदांत गेली कोणालाच माहीत नाही. मयत आलीच नाही, तेव्हा आघाडीवरच उरकत. काही महिन्यांनी काळी ट्रंक आली. "मायनं आठ दिस त्या टरंकेले हात लावू देल्ला नाही कोनाले," आत्या सांगते. तिने भावाला शेवटचं पाहिलं ते दारव्हा स्टेशनवर, शकुंतलेत बसताना. गाडी हलल्यावर त्याने खिडकीतून तिच्या हातात चार आणे ठेवले. (ती गाडीही आता बंद पडली.)

एक अंतर्देशीय पत्र आहे, पण पाठवणाऱ्याचा पत्ता उधईने खाल्ला. '५६ एपीओ' तेवढं उरलं. हे कुठलं ठिकाण?

राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ऑनलाइन यादीत त्याच नावा-आडनावाचे दोघे निघाले, दोघेही महार रेजिमेंटचे. आपले कोणते? एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, आर्मी नंबर आणा. नंबर असता तर तिथे गेलो कशाला असतो!

प्रतिसाद (माजी सैनिक, वाशीम):
जय भीम. ५६ एपीओ हे गाव नव्हे भाऊ, फौजेचा टपालाचा पत्ता आहे. पलटण कुठे आहे ते कळू नये म्हणूनच तसा. त्याच्या मागे लागू नका. घरी मेडल आलं असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा, नंबर, हुद्दा, नाव तिथे असतं. ट्रंकही पाहा, आम्ही पांढऱ्या रंगाने नंबर-नाव घालत होतो. नंबर लागला की अर्ज सागरला, महार रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला. बहीण हयात आहे तर अर्ज तिच्याच नावाने जाऊ द्या, नात्याचा पुरावा जोडून.

धागाकर्ता:
दादा, उपकार झाले. ट्रंक वडिलांनीच कधीतरी निळ्या ऑइलपेंटने रंगवली, आत तुरीचं बियाणं आहे. मेडल मात्र सापडलं. आत्या दर १४ एप्रिलच्या आधी ते राखेने घासते, त्यामुळे कड पार गुळगुळीत. मोबाइलची बॅटरी तिरपी धरली तेव्हा कुठे शेवटचे तीन आकडे लागले. यादीतल्या एकाच नंबराशी जुळतात.

आत्याला सांगितलं. ती कितीतरी वेळ मेडल पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "तारीख दुसरी निंघाली त सहा तारखेची मेनबत्ती बंद करा लागन काय?" मला काही बोलता आलं नाही.

सागरच्या अर्जाचा नमुना कोणाकडे असेल तर इथे टाका. आत्याला सही येत नाही, अंगठा चालतो का तेही सांगा.